पोटरीचं काम: पायातलं रक्त वर कसं चढतं, आणि अडलं तर काय करायचं

एक हात मिनिटभर खाली लोंबता सोडा. कोपर आणि मनगट यांच्यामधली एखादी शीर ठसठशीत दिसू लागली की दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती मनगटाच्या बाजूला दाबून धरा. आता तर्जनीनं तीच शीर दाबत दाबत कोपराच्या दिशेनं चार-पाच बोटं पुसत न्या आणि तर्जनी उचला. मधला भाग सपाट, रिकामा दिसेल आणि रिकामाच राहील. वरच्या बाजूला रक्त भरलेलं असूनही ते खाली उतरत नाही. मग अंगठा सोडा. शीर खालून वर झर्रकन भरते. पहिल्यांदा जमलं नाही तर जागा बदलून पाहा, कारण पुसलेल्या भागात रक्ताला खाली येऊ न देणारी एक तरी झडप यावी लागते.

हा प्रयोग चारशे वर्षांपूर्वीचा आहे. इटलीतल्या पदुआ विद्यापीठात फॅब्रिशियस नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी १६०३ मध्ये शिरांतल्या झडपांवर सचित्र पुस्तक छापलं, पण रक्त पायात एकदम साचू नये म्हणून झडपा त्याला थोपवतात, एवढाच अर्थ त्यांनी काढला. त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरला त्याच झडपांमध्ये दिशा दिसली. शिरेतलं रक्त फक्त हृदयाकडे जाऊ शकतं, उलट नाही. मग त्यानं हिशेब मांडला. हृदय एका ठोक्याला अगदी थोडं रक्त बाहेर टाकतं असं धरलं, तरी अर्ध्या तासात इतकं रक्त बाहेर पडतं की तेवढं अंगात असतच नाही. त्या काळी रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरात जिरून जातं असं मानत. जेवणातून एवढं रक्त रोज बनणं अशक्य आहे, तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे, असं हार्वेनं १६२८ च्या आपल्या पुस्तकात सिद्ध केलं. धमन्यांतून रक्त शिरांत कुठून शिरतं, ते मात्र त्याला दाखवता आलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झालं.

रक्ताभिसरण म्हटलं की आपल्याला हृदय आठवतं. तपासण्या हृदयाच्या, भीती हृदयाची, पथ्यही हृदयासाठी. परतीच्या वाटेकडे कुणी बघत नाही. त्या वाटेवर सगळ्यात कष्टाचं काम पाय करतात, आणि ते आपल्या हातात असलेलं काम आहे. म्हणून हा लेख त्या अर्ध्या भागाबद्दल.

आधी फेरीचा अंदाज घेऊ. विश्रांती घेणाऱ्या प्रौढ माणसाचं हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर आणि मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. अंगातलं एकूण रक्तही तेवढंच असतं. म्हणजे मिनिटाभरात सगळ्या रक्ताची एक फेरी होते. डाव्या बाजूनं महाधमनीत शिरताना या रक्ताला जोर असतो. दंडाला पट्टा बांधून आपण '१२० बाय ८०' मोजतो तो हाच. पुढे धमन्या बारीक होत जातात, केशवाहिन्या तर इतक्या अरुंद की तांबड्या पेशी एकामागोमाग एक, अंग चोरून जातात. इथे प्राणवायू आणि अन्नरस पेशींना पोचतो, आणि इथेच जोर संपत येतो. केशवाहिन्यांतून शिरेत उतरणाऱ्या रक्ताचा दाब पाऱ्याच्या १०-१५ मिलिमीटरवर आलेला असतो, आणि हृदयाच्या उजव्या बाजूला पोचेपर्यंत तो शून्याच्या जवळ जातो. तिथून फुप्फुसांत जाऊन, प्राणवायू घेऊन, रक्त पुन्हा डावीकडे येतं.

आता उभ्या माणसाचा विचार करा. घोट्यापासून हृदयापर्यंत जवळजवळ सव्वा मीटरची चढण. शिरांच्या भिंती पातळ असतात, सहज ताणल्या जातात. कोणत्याही क्षणी अंगातलं जवळपास दोन तृतीयांश रक्त शिरांमध्येच असतं. हालचाल न करता उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत चढतो, कारण वरचा सगळा रक्तस्तंभ तिच्यावर उभा असतो.

हे रक्त वर चढवते पोटरी. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आत दडलेल्या खोल शिरांतून परत जातं. कातडीखाली दिसणाऱ्या शिरांच्या वाट्याला उरलेलं थोडंच. पाऊल टाकताना पोटरी आवळते, खोल शिरा पिळल्या जातात, आणि खालची झडप मिटलेली असल्यामुळे रक्ताला वरच जावं लागतं. पोटरी सैल पडली की शीर रिकामी झालेली असते आणि कातडीखालच्या शिरांतलं रक्त आत ओढलं जातं. पुढच्या पावलाला पुन्हा तेच. निरोगी माणूस दहा-बारा पावलं चालला की घोट्यातला तो ९० चा दाब ३० च्याही खाली येतो. डॉक्टर पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यासाठी. श्वासाचीही मदत होते. श्वास घेताना छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो आणि रक्त वर खेचलं जातं.

यातून पहिली व्यावहारिक गोष्ट निघते. पायांना चालण्याचा त्रास होत नाही, एका जागी उभं राहण्याचा होतो. 'दिवसभर पायावर असतो' असं म्हणणाऱ्या दोन माणसांत फार फरक असू शकतो. पोस्टमन दिवसभर चालतो. साड्यांच्या दुकानातली विक्रेती, केशकर्तनालयातला कारागीर, चौकातला वाहतूक पोलीस, फळ्यासमोरचे शिक्षक, पोळी-भाजी केंद्रात ओट्याशी उभी असलेली बाई, सोसायटीचा सुरक्षारक्षक हे सगळे दोन फरशांच्या जागेत आठ-दहा तास काढतात.

असं काम असेल तर पंप आपण मुद्दाम चालवायचा. दर पंधरा-वीस मिनिटांनी टाचा उचलून चवड्यांवर या, क्षणभर थांबा, खाली या; असं पंधरा-वीस वेळा. कुणाला कळतही नाही. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत राहा, शक्य तेव्हा चार पावलं चाला. ज्यांचं काम बसून आहे त्यांनी टाच टेकवून पाऊल वर-खाली करावं. बसल्यावरही पोटरी सैलच असते आणि दाब पुरता उतरत नाही. घरी गेल्यावर पंधरा-वीस मिनिटं आडवं पडून पाय उशांवर असे ठेवा की टाचा छातीपेक्षा वर येतील. नुसते समोरच्या स्टुलावर पाय ठेवून बसल्यानं थोडं बरं वाटतं, पण तेवढा उपयोग होत नाही.

इथे मालकांशी दोन शब्द. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये उभ्यानं काम करणाऱ्या कामगारांना मध्येच संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय ठेवायला सांगितलं होतं. दुकानांतल्या कामगारांसाठी केरळात कोळिकोडच्या विक्रेत्या स्त्रियांनी वर्षानुवर्षं झगडून २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात आणला. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसा कायदा केला. गिऱ्हाईक नसतानाही विक्रेतीनं उभंच राहायचं, ही शिस्त नव्हे. तिच्या पायांतल्या झडपांचं नुकसान आहे ते. आपल्याकडे दुकान असेल तर कायद्याची वाट न पाहता गल्ल्यामागे एक स्टूल ठेवा, आणि त्यावर बसलं तर कुणी रागावणार नाही हे स्पष्ट सांगा. दुसरं पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

उभं राहण्याशी जोडलेला आणखी एक त्रास म्हणजे उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणं. आपण उठतो तेव्हा अर्धा लिटरच्या आसपास रक्त पोट आणि पायांच्या शिरांत उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणाऱ्या जागा आहेत. त्या मेंदूला खबर देतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही कळायच्या आत सगळं सावरतं. वयानं, मधुमेहानं, अंगातलं पाणी कमी झाल्यानं हे सावरणं मंद होतं. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही होतं. रात्री लघवीला उठलेले आजोबा पडतात, खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. घरातल्या वयस्कर माणसांना इतकं शिकवा: आधी कुशीवर वळून काठावर बसायचं, पावलं दहा-पंधरा वेळा वर-खाली करायची, मग धरून उभं राहायचं. घरी यंत्र असेल तर रक्तदाब आधी पाच मिनिटं आडवं पडल्यावर आणि नंतर उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवा. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. कुणी चक्कर येऊन पडलंच तर त्याला धरून बसवायची घाई करू नये. आडवंच ठेवून पाय उचलून धरावेत. पायातलं रक्त मेंदूच्या मदतीला येतं.

झडपा निकामी होतात तेव्हा

झडप म्हणजे पातळ पडद्याच्या दोन पाकळ्या. शीर ताणून रुंद झाली की पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत, रक्त खाली गळतं, खालच्या झडपेवर भार येतो, मग तीही गळू लागते. कातडीखालच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. आईवडिलांकडून येणारी प्रवृत्ती, वय, गरोदरपण, वजन आणि उभं राहण्याचं काम ही त्याची मुख्य कारणं.

संध्याकाळी पाय जड होणं, ओढणं, रात्री पोटरीत गोळे येणं, मोज्याच्या रबराचा वळ उमटणं ही सुरुवात. खरी सावध होण्याची खूण आहे ती घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, तपकिरी-काळपट पडलेली आणि खाजणारी कातडी. शिरांतला दाब सतत चढा राहिल्यानं तांबड्या पेशी बाहेर पडून तिथे लोहाचा डाग धरतो. पुष्कळ लोक त्याला इसब किंवा गजकर्ण समजून वर्षभर मलम चोळतात. या जागी जखम झाली तर ती महिनोन्‌महिने भरत नाही, कारण दुखणं वरच्या कातडीचं नसून आतल्या दाबाचं आहे. अशा जखमेवर दाब देणारी पट्टी व्यवस्थित बांधणं आणि शिरेचा इलाज करणं, हाच उपचाराचा गाभा. नुसतं ड्रेसिंग बदलत राहून पैसे जातात आणि जखम तशीच राहते.

दाब देणारे लांब मोजे, म्हणजे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज, पुष्कळांना लिहून दिले जातात आणि कपाटात पडून राहतात. ते चढत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा ते चुकीच्या वेळी घातले जातात. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी, पाय सुजलेले नसतानाच ते चढवायचे. रात्री झोपताना काढायचे. मोज्याचा दाब घोट्याशी जास्त आणि वर कमी होत गेलेला असतो, म्हणून माप घेऊनच घ्या आणि वरची कडा दुमडून ठेवू नका. दुमडल्यानं तिथे आवळपट्टी तयार होते आणि रक्त अडतं. एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्यावीच लागते. ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येऊन थांबावं लागतं आणि थांबलं की दोन-चार मिनिटांत दुखणं जातं, अशी तक्रार असेल तर दोष धमन्यांत असू शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो. पायाला रक्तच कमी पोचत असताना वरून घट्ट मोजा घातला तर पाय धोक्यात येतो. पावलावरची नाडी डॉक्टरांनी बघितल्याशिवाय स्टॉकिंग घालू नका.

फुगलेली शीर कधी कधी साध्या खरचटण्यानंही फुटते आणि रक्ताची धार लागते. न्हाणीघरात हे बऱ्याचदा घडतं आणि घरचे घाबरून जातात. अशा वेळी माणसाला लगेच आडवं करा, पाय छातीच्या वर उचलून धरा आणि स्वच्छ कापडाची घडी नेमक्या जागेवर दहा मिनिटं दाबून ठेवा, मध्ये उघडून बघू नका. वर मांडीला किंवा पोटरीला दोरी, रुमाल घट्ट बांधू नका. शिरेतलं रक्त वर जायचं असतं. वर बांधलं की त्याची वाट बंद होते आणि रक्तस्राव वाढतो. लेखाच्या सुरुवातीचा अंगठ्याचा प्रयोग आठवला तर हे सहज लक्षात राहील. रक्त थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक पाय सुजला, की दोन्ही?

सुजेकडे बघताना हा प्रश्न आधी विचारा. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर कारण बऱ्याचदा पायांच्या बाहेर असतं: हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा औषध. रक्तदाबासाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिननं घोटे सुजतात हे पुष्कळांना कुणी सांगितलेलंच नसतं. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा किंवा गोळी बदलू शकतात. सुजेबरोबर धाप लागत असेल, रात्री उशा वाढवून झोपावं लागत असेल तर उशीर करू नका.

एकच पाय, एक-दोन दिवसांत, अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. डॉप्लर सोनोग्राफीनं निदान होतं आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांनी इलाज होतो. अशा पायाला तेल लावून मालिश करू नका. आपल्या घरांत दुखऱ्या पोटरीवर पहिला उपाय तोच असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. गुठळी सुटली तर ती शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि तिथून थेट फुप्फुसात जाऊन अडकते. एकाएकी धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, शुद्ध हरपणं यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा.

गुठळी होण्याचं एक मोठं कारण म्हणजे रक्त एका जागी थबकणं. शस्त्रक्रियेनंतर परिचारिका दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून चालवते आणि नातेवाईक म्हणतात, 'अहो, जरा पडू द्या की त्यांना.' तिचं ऐका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची पावलं घरच्यांनी तासा-दोन तासांनी वर-खाली हलवावीत. सलग चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पानं २००७ मध्ये मांडलं. निरोगी माणसाचा मुळातला धोका फार थोडा असतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण अमेरिकेतल्या लेकीकडे निघालेल्या आईवडिलांनी किंवा रात्रभर स्लीपर कोचऐवजी खुर्चीवर बसून नागपूरला जाणाऱ्यांनी मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी, दर तासाला उठावं किंवा बसल्या जागी पावलं हलवावीत, पाणी पीत राहावं आणि झोपेची गोळी टाळावी. आधी गुठळी झालेली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, कर्करोगाचा इलाज चालू असेल, गरोदरपण असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारा. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनानं घेऊन निघू नका.

सूज सावकाश वाढत कडक झाली असेल, मधूनमधून ताप येत असेल, तर हत्तीरोगही असू शकतो. त्यात शिरा नव्हे तर लसिकावाहिन्या अडतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या भागांतल्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. हत्तीरोगाविरुद्धच्या सरकारी मोहिमेत दिलेल्या गोळ्या समोरच्या समोर गिळाव्यात, खिशात घालू नयेत.

फुगलेल्या शिरांवर इलाज ठरवायला रुग्णाला उभं करून केलेली डॉप्लर तपासणी लागते. झोपवून केली तर गळती नीट दिसत नाही. नुसतं दिसायला वाईट असेल, त्रास काही नसेल, तर व्यायाम आणि मोजे पुरतात. गरोदरपणात आलेल्या शिरा बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळ उतरतात, तेव्हा घाई नको. पण कातडी काळवंडली, जखम झाली, रक्तस्राव झाला तर टाळू नका. आता बहुतेक ठिकाणी पायाला भूल देऊन, लेझरनं किंवा उष्णतेच्या तारेनं गळकी शीर आतून बंद करतात आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. 'शीरच बंद केली तर रक्त जाणार कुठून?' हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तर वर आलंच आहे. नव्वद टक्के वाहतूक खोल शिरांची असते, आणि बंद केलेली शीर तर रक्त उलटं खाली सोडत होती. म्हणून खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे त्या डॉप्लरमध्ये आधी पाहून घेतात. अहवालात तसं लिहिलंय का ते विचारा, आणि प्रक्रिया झाल्यावर डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे त्याच दिवसापासून चालायला लागा.